चित्रं, शिल्पं, वास्तू पाहायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगातल्या गाजलेल्या कलाकृतींचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही भाबडे वाटतात, पण बहुतेक वेळा भाबडे प्रश्नच जास्त कामाचे निघतात. उत्तरं देताना माझी मतं मी लपवलेली नाहीत. पटली नाहीत तर सोडून द्या.

मला कलेतलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

एकाच कलाकृतीपासून. तिच्यासमोर दहा मिनिटं थांबा आणि तीन गोष्टी विचारा: ही कशाची आणि कशी केली, ज्यांच्यासाठी केली ते तिचं काय करायचे, आणि तेव्हापासून आजवर तिच्यावर काय काय गुदरलं. शैली, कालखंड, संप्रदाय हे मागाहून येऊ द्या. ते आधी शिकायला बसलं की चित्र राहतं बाजूला आणि नजर शेजारच्या पाटीवरच खिळते.

जपानी चित्रकार होकुसाईची 'मोठी लाट' घ्या. १८३१ च्या सुमाराला लाकडी ठशांवरून छापलेलं हे चित्र जेमतेम २६ बाय ३८ सेंटिमीटरचं आहे. पहिल्या नजरेत फक्त लाट दिसते, तिच्या फेसाला फुटलेल्या नख्या दिसतात. थोडं थांबलात की खाली लांबट नावा दिसू लागतात. एक नाही, तीन. नावाडी ओणवे होऊन नावेला चिकटलेत आणि त्यांची डोकी फेसाच्या ठिपक्यांत मिसळून गेलीत. मग लाटांच्या खळग्यात लांबवर एक छोटा पांढऱ्या माथ्याचा डोंगर: तो फुजी. मालिकेचं नाव आहे 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं', म्हणजे चित्राचा नायक खरं तर तो डोंगर. पुढची लहान लाट नेमकी त्याच्याच आकाराची आहे, हे बहुतेकांना सगळ्यात शेवटी दिसतं. आणखी एक गंमत. जपानी लिखाण परंपरेने उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाची नजर नावांबरोबर जाऊन लाटेवर आदळते. आपण डावीकडून वाचणारे, म्हणून आपण लाटेबरोबर धावतो. चित्र तेच, बसायची जागा वेगळी.

इंटरनेटवर इतके स्पष्ट फोटो असताना प्रत्यक्ष जायची गरज आहे का?

फोटो दोन गोष्टी गिळतो: आकार आणि जागा. पडद्यावर मोनालिसा आणि पिकासोचं 'गेर्निका' एकाच मापाची दिसतात. प्रत्यक्षात मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या पॉप्लर लाकडाच्या फळीवर आहे, तर गेर्निका जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. तिच्यासमोर उभं राहिलं की कोपऱ्यातली किंचाळणारी बाई पाहायला मान वळवावी लागते, आणि तेवढ्यात घोडा नजरेआड होतो. एका दमात सगळं दिसू नये, असाच तो मामला आहे.

पण फोटोला सरसकट नावं ठेवू नयेत. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर (इ. स. ११३) सुमारे १९० मीटर लांबीचा शिल्पपट वेटोळं घालत वर चढतो. त्याचे वरचे वेढे खाली उभ्या माणसाला धड दिसतच नाहीत. तिथे फोटोच बरा. मोनालिसाबद्दलही माझं मत तसंच आहे. काचेआड, डोक्यांच्या गर्दीतून दोन मिनिटं मिळतात. त्यापेक्षा त्याच दालनात तिच्याकडे पाठ करून वळावं: समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचं 'काना इथला विवाह' आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि त्यापुढे बऱ्याचदा कोणीच नसतं.

भिंतीवरचं प्रत्येक चित्र म्हणजे फ्रेस्कोच ना?

नाही, आणि हा फरक कळला की निम्म्या भित्तिचित्रांचं नशीब कळतं.

खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचा भाग होतो. अडचण एकच: गिलावा वाळायच्या आत हात उरकावा लागतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. इटलीत या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. जवळून, तिरप्या उजेडात या तुकड्यांचे सांधे दिसतात आणि अमुक चेहऱ्याला किती दिवस लागले तेही मोजता येतं.

लिओनार्दो दा विंचीच्या स्वभावाला ही घाई मानवणारी नव्हती. मिलानमधल्या मठाच्या जेवणघरात 'शेवटचं भोजन' रंगवताना (साधारण १४९५ ते १४९८) त्याने कोरड्या भिंतीवर थर चढवले, म्हणजे सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवता येईल. रंगाने भिंतीला धरलंच नाही. काही दशकांतच पोपडे सुटायला लागले. पुढे १६५२ मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं आणि येशूचे पाय गेले. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात जेवणघर ढासळलं. वाळूची पोती रचून ठेवली होती म्हणून ही भिंत तेवढी उभी राहिली. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं चाललेल्या जतनकामानंतर आज जे दिसतं त्यात लिओनार्दोचा हात किती उरला, यावर भांडण अजून मिटलेलं नाही.

अजिंठ्याची चित्रंही फ्रेस्को नाहीत, जरी तसं सर्रास लिहिलं जातं. खडबडीत दगडावर मातीचा लेप, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे जवळपासचे. नंतरच्या लेण्यांतला निळा मात्र लाजवर्द दगडाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाकडून आलेला. बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्राच्या आसपास कुठे निळा आणि कुठे नुसता गेरू आहे ते शोधत बसणं हा चांगला उद्योग आहे.

विसाव्या शतकाच्या विशीत ही चित्रं वाचवायला इटालियन जाणकार बोलावले गेले. त्यांनी लाखेच्या वॉर्निशने रंग पक्के केले. ते वॉर्निश पुढे पिवळं पडलं आणि ते काढणं हेच एक काम होऊन बसलं. नकलांची गोष्ट त्याहून वाईट. रॉबर्ट गिलने अनेक वर्षं लेण्यांत राबून केलेल्या बहुतेक मोठ्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि त्याच्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनी नव्याने केल्या, तर त्यातल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रं मात्र, तडे आणि पोपडे सांभाळत, जागेवरच आहेत.

मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत आडवं पडून रंगवलं का?

उभं राहून, मान मागे टाकून. १५०८ ते १५१२. त्याने एका कवितेत गाऱ्हाणं मांडलंय की दाढी आभाळाकडे गेलीय आणि ब्रशमधून गळणारे थेंब तोंडावर नक्षी काढतायत. शेजारी स्वतःचं वाकडंतिकडं रेखाटनही काढून ठेवलंय, तेव्हा वादाला जागा नाही.

कैलास लेणं 'बांधलं' कसं?

बांधलंच नाही, तिथेच गोम आहे. वेरूळचं सोळा क्रमांकाचं लेणं म्हणजे डोंगरातून दगड वजा करत काढलेलं मंदिर. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, बसाल्टच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर खणले, मधे दगडाचा प्रचंड ठोकळा सुटा राहिला, आणि मग तो वरून खाली कोरत आणला. शिखर आधी, जोतं शेवटी. पाथरवटांना परांची बांधावी लागली नाही; ज्या दगडावर उभे होते तोच त्यांची परांची होता आणि काम उतरेल तसे तेही खाली आले. मात्र चूक दुरुस्त करायची सोय नाही. बांधकामात एखादा दगड बिघडला तर दुसरा बसवता येतो. इथे हत्तीची सोंड उडाली तर उडाली.

मराठीत याची एक जुनी कथा आहे. राणीने नवस केला की मंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. साध्या पद्धतीने बांधायला घेतलं तर राणी उपाशी मरेल, म्हणून कोकस नावाच्या कारागिराने कळसापासूनच सुरुवात केली. कथा नंतरची आहे, पण रचणाऱ्याला तंत्र नेमकं कळलं होतं. त्याहून मला आवडतो तो एक ताम्रपट. मंदिरानंतर काही दशकांतच, नवव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेल्या या दानपत्रात वेरूळच्या या देवळाचं वर्णन आहे आणि त्यात म्हटलंय की ते घडवणारा शिल्पीच चकित झाला, हे आपल्या हातून झालं तरी कसं म्हणून.

गेलात तर दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प पाहा. रावण खाली खोबणीत इतका आत कोरलाय की दिवसाच्या बऱ्याच वेळी सावलीत असतो आणि वीस हातांची चक्राकार फेकच आधी जाणवते. वर पार्वती दचकून शिवाकडे कलली आहे, एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. शिव पायाने डोंगर दाबतोय, सहज, फार लक्ष न देता. ज्या डोंगरातून हे देऊळ काढलं त्याच्याच पोटात डोंगर हलवणारा बसवायचा, हे सुचणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद देतो.

असंच वरून खाली कोरलेलं दुसरं ठिकाण पाहायचं असेल तर इथिओपियातलं लालिबेला. तिथल्या अकरा चर्चपैकी संत जॉर्जचं चर्च क्रुसाच्या आकाराचं आहे आणि त्याचं छत आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला येतं. दुरून काही दिसतच नाही. कडेला पोचल्यावर पायाखाली चर्च उघडतं.

पण एवढं काम माणसांनी केलं? परग्रहवासीयांनी केलं असं ऐकलंय.

ऐकू नका. कैलास लेण्यात छिन्नीच्या खुणा आहेत, अर्धवट सोडलेले भाग आहेत, आणि त्याचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराच्या चांगलाच जवळचा आहे, जे काही दशकं आधी दगडावर दगड रचून बांधलं होतं. परंपरा डोळ्यांसमोर आहे.

या प्रश्नाला एक कडवट बाजूही आहे. आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वेच्या चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती स्थानिकांनी उभारल्या हे मान्य करायला वसाहतकाळातले गोरे तयार नव्हते. फिनिशियन आले होते, शेबाची राणी आली होती, काहीही चालेल. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी उत्खनन करून त्या आफ्रिकनांच्याच असल्याचं ठामपणे मांडलं, तरी तिथल्या गोऱ्या सरकारांच्या तोंडी जुनीच कथा पुढे कित्येक वर्षं होती. 'यांना हे जमलंच नसतं' हे वाक्य कोणाबद्दल म्हटलं जातंय ते दरवेळी पाहावं.

घुमट पडत कसा नाही?

पडतो की. योग्य काळजी घेतली नाही तर.

घुमटाचं वजन सरळ खाली येत नाही, तो बाहेरच्या बाजूलाही ढकलतो. छत्री उघडल्यावर काड्या जशा बाहेर जातात तसं. हा बाहेरचा रेटा कसा आवरायचा, याची उत्तरं प्रत्येक काळाने आपापल्या परीने शोधली, आणि मला विचाराल तर स्थापत्याच्या इतिहासातला हा सगळ्यात रंगतदार भाग आहे.

रोमच्या पँथिऑनचं उत्तर: वजनच कमी करा. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२५ च्या सुमाराला पूर्ण झालेला हा घुमट लोखंडी सळ्यांशिवायच्या काँक्रीटचा आहे, व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा गोल मावेल. तळाशी घुमट सहा मीटरहून जाड, माथ्याशी साधारण सव्वा मीटर. खालच्या काँक्रीटमध्ये जड खडी, वर जाल तसतसा हलका, सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड. आणि अगदी माथ्यावर काहीच नाही: सुमारे ९ मीटरचं उघडं भोक. पाऊस आला की सरळ आत पडतो. जमीन किंचित फुगीर ठेवलीय आणि फरशीत बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. उन्हाची तबकडी दिवसभर आतल्या भिंतीवरून सरकत असते. खालची माणसं नकळत तिच्यामागे सरकतात.

कॉन्स्टँटिनोपलची (आजचं इस्तंबूल) हागिया सोफिया, मुळात चर्च, ५३२ ते ५३७ एवढ्या थोड्या वर्षांत उभी राहिली. अँथेमियस आणि इसिडोर, दोघेही गणिताचे जाणकार. त्यांनी गोल घुमट चौकोनी जागेवर बसवला आणि चार कोपऱ्यांत उलट्या त्रिकोणासारखे वळणदार तुकडे घालून वजन चार खांबांकडे वळवलं. वर घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्या. उजेडामुळे घुमट भिंतीपासून सुटून तरंगतोय असं वाटतं. पहिला घुमट जरा जास्तच पसरट होता. भूकंपांनी खिळखिळा होऊन ५५८ मध्ये कोसळला. दुसरा अधिक उंच केला, म्हणजे बाहेरचा रेटा कमी झाला. तोही पुढे दोनदा अर्धवट पडला आणि दुरुस्त झाला. मागाहून बाहेरून लावलेले अवजड टेकू आज दिसतात ते त्या भीतीचेच पुरावे.

फ्लॉरेन्सची गोष्ट वेगळी. तिथे कॅथेड्रल बांधून घेतलं आणि वर चाळीस मीटरहून रुंद भोक तसंच राहिलं, कारण एवढं मोठं सेंटरिंग, म्हणजे बांधकाम पेलणारा लाकडी सांगाडा, उभारायला लाकूड कुठून आणणार? ब्रुनेलेस्कीने १४२० मध्ये सेंटरिंगशिवायच काम सुरू केलं. एकात एक असे दोन कवच, मधे जिना, आणि विटांची माशाच्या काट्यासारखी रचना: ठरावीक अंतराने उभी वीट, जी आडव्या विटांना चुना ओला असताना घसरू देत नाही. प्रत्येक वेढा पूर्ण झाला की स्वतःच्या बळावर उभा. वर माल चढवायला त्याने बैलांनी फिरवायचं यंत्र केलं, ज्यात बैल उलटे न वळवता दिशा बदलता यायची. १४३६ मध्ये काम पुरं झालं. आत जिन्याने चढताना दोन कवचांमधल्या अरुंद बोळात भिंत खांद्यावर कलत येते आणि विटांची रचना हाताच्या अंतरावर दिसते.

विजापूरच्या गोलघुमटात (१६५६) एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर घुमट पेललाय. लोक तिथे जाऊन ओरडतात आणि प्रतिध्वनी मोजतात. ओरडून झालं की त्या कमानींकडे बघा.

ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र का असतात?

नव्हतेच. केस, डोळे, ओठ, कपड्यांचे काठ, सगळं रंगवलेलं असायचं, बरेचदा आपल्या डोळ्यांना भडक वाटेल इतकं. रंग उडाला, उरला संगमरवर, आणि अठराव्या शतकातल्या युरोपाने त्यालाच शुद्धतेचा आदर्श ठरवलं. अतिनील प्रकाशात जुन्या रंगाच्या खुणा अजून सापडतात. या वेडापायी १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची (अथेन्समधलं प्राचीन देऊळ) शिल्पं अधिक पांढरी दिसावीत म्हणून चक्क घासली गेली.

हेच चीनच्या मातीच्या सैन्याचं. १९७४ मध्ये शिआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले ते करडे सैनिक मुळात रंगीत होते. रंगाखालचा लाखेसारखा थर कोरडी हवा लागताच आक्रसतो आणि काही मिनिटांत रंग सालपटासारखा सुटतो. आणि कैलास लेणं? त्यावर पांढरा गिलावा आणि रंग होते. जुनं नाव रंगमहाल. काळा दगड ही आपली सवय, त्यांची योजना नव्हे.

चित्राचे रंग कालांतराने बदलतात, की फक्त मळतात?

दोन्ही. रेम्ब्रांचं 'रात्रीचा पहारा' (१६४२) रात्रीचं नाहीच. वॉर्निश काळवंडलं आणि मागाहून ते नाव चिकटलं. शिवाय १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात दोन दारांमधे मावेना म्हणून ते चारी बाजूंनी कापलं. डावीकडची माणसं गेली आणि मधला कॅप्टन जो मुळात जरा बाजूला होता तो बरोबर मध्यभागी आला. कापलेले तुकडे सापडलेले नाहीत. त्याच काळातली एक छोटी नक्कल आहे, तिच्या आधारे २०२१ मध्ये संगणकाच्या मदतीने ते भाग तयार करून काही काळ शेजारी लावले होते.

व्हॅन गॉगच्या 'शयनगृहा'च्या भिंती निळ्या दिसतात, पण त्याने पत्रात लिहिलंय फिकट जांभळ्या. लाल रंग उडाला, निळा राहिला. पिवळ्या पलंगाशेजारी जांभळी भिंत कल्पून पाहा, अख्ख्या खोलीची हवा बदलते.

नक्कल पाहण्यात काय अर्थ?

कधी कधी तोच एक मार्ग असतो. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, लोक लोटले, आणि त्यांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. १९६३ मध्ये गुहा बंद झाली. १९८३ पासून लोक प्रतिकृती पाहतात. सतरा हजार वर्षं टिकलेलं आपल्या उसाशांनी थोड्या वर्षांत सडवलं, तर नक्कल पाहायला कुरकुर करू नये.

'मूळ' म्हणजे काय हाही प्रश्न आहेच. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, तेच आराखडे, नवं लाकूड. शेवटचं २०१३ मध्ये झालं. मग ते तेराशे वर्षांपूर्वीच्या परंपरेचं की बारा-तेरा वर्षांचं? मालीमधल्या जेन्नेच्या मातीच्या मशिदीला गावकरी दरवर्षी नवा गिलावा चढवतात. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या काठ्या ही नक्षी तर आहेच, शिवाय चढायची परांचीही. तिथे सारवणं थांबलं तर इमारत थांबली.

लांबलचक शिल्पपट वाचायचे कसे?

पायांनी. जावामधलं बोरोबुदूर (साधारण नववं शतक) प्रदक्षिणेच्या दिशेने चालत वाचायचं असतं. कथा सांगणारे १,४६० शिल्पपट्ट आहेत. अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंतींच्या गल्ल्यांतून एकेक पातळी चढत जाता, बाहेरचं काही दिसत नाही, आणि मग एकदम वर मोकळं आकाश, गोल चौथरे आणि जाळीदार ७२ स्तूप. नक्षी संपते तिथे. सगळ्यात खालच्या पायावर पापपुण्याच्या फळांची शिल्पं होती, ती नंतर जादा दगडी बांधणीत झाकली गेली आणि १८८५ मध्ये उजेडात आली.

कंबोडियातल्या अंकोर वाटला मात्र उलट फिरा. तिथल्या शिल्पपटांचा क्रम अप्रदक्षिण आहे आणि मंदिराचं तोंडही पश्चिमेला. या दोन्ही गोष्टी मृत्यूशी जोडल्या जातात, त्यामुळे ते राजा सूर्यवर्मन दुसरा याचं मृत्यूनंतरचं स्मारक असावं असा तर्क बरेच अभ्यासक करतात.

संग्रहालयातल्या लुटलेल्या वस्तू परत द्याव्यात का?

माझं उत्तर बहुतेक वेळा 'हो' आहे. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं आणि राजवाड्यातले हजारो ओतीव पितळी पट्ट आणि शिल्पं युरोपभर विकली गेली. ती नुसती सजावट नव्हती. दरबाराची दप्तरंच होती. जर्मनीने २०२२ मध्ये काही परत केली. पार्थेनॉनचं प्रकरण जुनं: ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने ती शिल्पं ऑटोमन राजवटीत काढून नेली, १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतली. 'तुमच्याकडे ठेवायला जागा कुठे आहे' या युक्तिवादाला अथेन्सने २००९ मध्ये नवं संग्रहालय बांधून उत्तर दिलं. वरच्या मजल्यावर शिल्पपट मूळ मांडणीत लावलाय, लंडनला असलेल्या तुकड्यांच्या जागी प्लास्टरच्या नकला. खिडकीतून समोर देऊळ दिसतं. वाद घालण्याची इतकी सभ्य आणि इतकी बोचरी रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

आधुनिक कला पाहिली की वाटतं, 'हे तर माझं पोरही काढेल.'

काढेलही. प्रश्न आहे तो १९१७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात, जिथे फी भरणाऱ्या प्रत्येकाची कलाकृती लावू असं आयोजकांनी जाहीर केलं होतं, तिथे मुतारीचं भांडं पाठवण्याचा. मार्सेल द्युशांने 'आर. मट' अशी सही करून ते पाठवलं आणि आयोजकांनी शब्द फिरवला. मूळ वस्तू हरवली, उरला एक फोटो आणि एक न सुटलेला प्रश्न. मला ते भांडं सुंदर वाटत नाही. पण आयोजकांची फजिती सुंदर आहे.

साधेपणाने किती करता येतं हे पाहायचं तर वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धस्मारक. माया लिन एकवीस वर्षांची विद्यार्थिनी होती. तिचा आराखडा १,४२१ प्रवेशिकांतून निवडला गेला आणि १९८२ मध्ये स्मारक झालं. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती, त्यावर ५८,००० हून जास्त नावं. पदानुसार नाहीत, वर्णानुक्रमे नाहीत, मृत्यूच्या क्रमाने. एकत्र मेलेले एकत्र राहतात. दगड इतका घोटलेला आहे की नाव वाचताना त्यावर आपलाच चेहरा दिसतो. लोक कागद लावून पेन्सिलीने नाव घासून नेतात.

शिल्पकाराचं नाव माहीत नसेल तर?

बिघडत नाही. जगातल्या बहुतेक कलाकृतींचे कर्ते अनाम आहेत. ताजमहालावर मात्र सुलेखनकार अमानत खानाने आपलं नाव कोरून ठेवलंय. दारावरची त्याची अक्षरं वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून सगळी सारखी दिसतात.

लहान मुलांना न्यावं का? कंटाळतात.

न्या, आणि आपण कुठे पाहतो तिथेच पाहायला लावू नका. १८७९ मध्ये स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो द साउतुओला खाली वाकून जमिनीतली हाडं आणि दगडी हत्यारं उकरत होते. सोबत आठेक वर्षांची मुलगी मारिया. तिला हाडांत रस नव्हता. तिने मान वर केली आणि वडिलांना हाक मारली: छतावर बैल आहेत. ते होते गवे, हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले. तज्ज्ञांनी खोटारडेपणाचा आरोप केला, आदिमानवाला हे जमणारच नाही म्हणून. प्रमुख टीकाकार कार्तेलाक याने १९०२ मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली, तोवर साउतुओला जाऊन चौदा वर्षं झाली होती. मारिया मात्र तेव्हा तिशीत होती.